वगळलेल्या दिवसांची फाईल

माझ्या भाचीला घरात सगळे तंद्री म्हणतात. खरं नाव शाळेच्या दाखल्यावर आहे, ते तिथंच बरं आहे. लहानपणी साबण आणायला पाठवलं की ही अर्ध्या रस्त्यात भिंतीवरची सावली बघत उभी राहायची. सावली सरकून गेली की मग साबण आठवायचा. तिची आई, म्हणजे माझी वहिनी, ओरडून थकली. माझा भाऊ ट्रक चालवतो, महिन्यातले चार दिवस घरी असतो, त्याला मुलीचं सगळंच गोड लागतं. राहता राहिले मी. मला तंद्रीत बसलेलं माणूस बघवत नाही. बसलेल्या माणसाला कोणी काही देत नाही, हे मी नळाच्या, गटाराच्या आणि दिव्याच्या भांडणांत शिकले.

आमच्या गल्लीचं मुख्य भांडण दिव्याचं. तीन वर्षं झाली, उन्हाळा लागला की रोज दुपारी दोनला लाइट जायची ती चारला यायची. शहरात इतर ठिकाणीही जायची, पण कधीमधी, अर्धा तास, पाऊण तास. आमची रोज, न चुकता, आणि सगळ्यांच्या आधी. मी एक वही केली होती. तारीख, गेली किती वाजता, आली किती वाजता. तीन उन्हाळ्यांची वही. ती घेऊन वीज कंपनीच्या फाटकावर किती वेळा गेले याची मोजदाद वॉचमनकडे असेल. आतून एकच उत्तर यायचं, तुमच्या भागात दुपारी वीज वापरतच नाहीत, आकडे तसं सांगतात. मी म्हणायची, आकड्यांना बाहेर पाठवा, मी बोलते त्यांच्याशी. वॉचमन हसायचा आणि मला पाणी द्यायचा. त्याला माझं वाईट वाटत असावं. मला त्याचाही राग यायचा.

त्या दोन तासांत आमची गल्ली पाण्याखाली गेल्यासारखी व्हायची. आधी पंखे थांबायचे, मग फ्रिजची घरघर, मग कुणाच्या तरी घरातला गाण्याचा आवाज अर्ध्या ओळीवर. शिंपी मशिनीवर डोकं टेकायचा. कुत्री गाड्यांच्या खाली. दारं उघडी, आणि प्रत्येक दारातून एकेक पाय बाहेर आलेला, झोपलेल्या माणसाचा. उन्हात पत्रे तडतडायचे, बाकी काही नाही. तंद्री तेव्हा जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसायची. तिथं भिंत थंड असते. ती म्हणायची, "आत्या, आता गल्लीला स्वप्न पडतंय." मी म्हणायची, गल्लीला घाम येतोय. आम्ही दोघीही खरं बोलत होतो, पण मला तेव्हा फक्त माझं खरं वाटायचं.

वहिनीचं दुकान आमच्याच घराच्या ओट्यावर. इस्त्रीचं. लांब टेबल, त्यावर घोंगडी, घोंगडीवर जुनी चादर, आणि पाच किलोची वजनदार इस्त्री, जिचं हँडल वहिनीच्या हाताच्या आकाराचं झालं आहे. पूर्वी तिच्याकडे मोठ्या दवाखान्याचं काम होतं. नर्सांचे युनिफॉर्म, डॉक्टरांचे पांढरे कोट, ऑपरेशनच्या खोलीतले हिरवे कपडे. धुतलेले गठ्ठे दीडला यायचे आणि साडेचारला कडक घडी होऊन परत जायचे, कारण संध्याकाळची पाळी तेच घालायची. दोन ते चार लाइट गेली की ते काम कसं होणार. वहिनीनं कोळशाची इस्त्री करून पाहिली. एका ठिणगीनं एका डॉक्टरच्या कोटाला खिशापाशी मिरीएवढं भोक पाडलं. दवाखान्यानं काम काढून घेतलं, आणि वहिनी शेजारपाजारच्या साड्या-शर्टांवर आली. ती कधी कुरकुरली नाही. फक्त दुपारी थंड इस्त्रीवर हात ठेवून बसायची, आजारी माणसाच्या कपाळावर ठेवतात तसा.

अशात तंद्रीच्या कॉलेजनं फतवा काढला. संख्याशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला जायच्या आधी उन्हाळ्यात आठ आठवडे कुठंतरी इंटर्नशिप करायची. सगळी मुलं बँकांत घुसली. तंद्रीनं अर्ज भरायला उशीर केला, साहजिकच, आणि उरलेल्या जागांतून तिच्या वाट्याला आली वीज कंपनी. कमर्शियल डिपार्टमेंट. गल्लीत बातमी पसरली तेव्हा शिंप्यानं विचारलं, खांबावर चढायला शिकवणार का. वहिनी खुश. मी दोन दिवस बोलले नाही. ज्या इमारतीच्या फाटकाच्या आत मला तीन वर्षांत कोणी घेतलं नाही, तिथं आमची पोर गळ्यात ओळखपत्र घालून रोज जाणार. शेवटी मीच तिला सांगितलं, जा, पण डोळे उघडे ठेव. हे तंद्रीला सांगणं म्हणजे माशाला छत्री देणं.

ती संध्याकाळी येऊन जे सांगायची त्यावरून ते ऑफिस मला पाठ झालं. तिसरा मजला, लांबट हॉल, आठ टेबलं, खिडक्यांना जुने पडदे. मला वाटायचं, कमर्शियल म्हणजे बिलं आणि दंड. तसं नव्हतं. त्या हॉलमध्ये उद्याची वीज आज ठरवायची असते. उद्या शहर किती वाजता उठेल, किती घरांत पंखे लागतील, किती वाजता दुकानं बंद होतील, सगळं आधी कागदावर मांडायचं, आणि तेवढी वीज आजच विकत घेऊन ठेवायची. दिवसाचे पंधरा-पंधरा मिनिटांचे शहाण्णव तुकडे. प्रत्येक तुकड्याला एक आकडा. आकडे जोडले की एक रेघ होते. पहाटे सपाट, सकाळी चढ, दुपारी मोठा फुगवटा, संध्याकाळी आणखी एक. तंद्री म्हणाली, ती रेघ म्हणजे कुशीवर झोपलेलं माणूस आहे. खांदा, कंबर, पाय. मी म्हटलं, कामाचं बोल.

ही रेघ काढणारा माणूस एकच. वीस वर्षं तोच. त्याला ऑफिसात उद्यावाले काका म्हणतात. बारीक अंगाचे, शर्टाची कॉलर कायम चुरगळलेली, टेबलावर हवामानाचे कागद. ते कायम उद्यात असतात. आज कोणता वार हे त्यांना विचारायची सोय नाही, उद्याचा सांगतात. पुतणीच्या लग्नाला एक दिवस आधी जाऊन रिकाम्या हॉलमध्ये बसले होते, आणि लोक का आले नाहीत म्हणून वैतागून परत आले. रजेच्या अर्जावर तारीख चुकते म्हणून त्यांची रजा नेहमी दुसऱ्या दिवशी पडते. पण त्यांची रेघ चुकत नाही, असं सगळे म्हणतात. तंद्रीचं आणि त्यांचं पहिल्या आठवड्यातच जमलं. जमणारच. एक आजमध्ये नसणारा, दुसरी कुठंच नसणारी.

दुपारी दोन ते अडीच त्या हॉलमधले दिवे आणि पंखे बंद करायची पद्धत होती. वीज सगळ्यात टंचाईची ती वेळ, म्हणून कंपनीही आपला वाटा उचलते, असं दाखवायला. संगणक बॅटरीवर चालू राहायचे. सगळे टेबलावर डोकी ठेवायचे. काका मात्र ताठ बसून डोळे मिटायचे, कोणी फोटो काढतंय असे. पडद्यांमधून पिवळट उजेड, आठ संगणकांचा निळा उजेड, आणि त्यात तंद्री एक फाईल वाचत बसायची. जाड, दोरीनं बांधलेली. वर लिहिलेलं, वगळलेले दिवस.

ती फाईल तिला काकांनीच दिली होती. जो दिवस ठरल्याप्रमाणे वागत नाही तो हिशेबातून काढायचा, नाहीतर सरासरी बिघडते, असा नियम. काढलेल्या दिवसाचा कागद टाकायचा नाही, या फाईलमध्ये लावायचा. त्यात ग्रहणाचा दिवस होता, भर दुपारी शहरानं दिवे लावले होते. मोठ्या सामन्याचा दिवस होता, ज्यात शेवटच्या मिनिटाला सगळ्या शहरानं श्वास धरला आणि सामना संपल्यावर एकदम चहा ठेवला. वादळाचा दिवस होता. घड्याळं चुकल्याचा दिवस होता. तंद्री म्हणाली, "आत्या, यातच शहर खरं दिसतं. बाकीचे दिवस सगळे सारखे दिसायला बसवलेत." मी ते ऐकून सोडून दिलं. माझी चूक.

पाचव्या आठवड्यात दोन गोष्टी एकदम घडल्या.

दवाखान्याचा स्टोअरकीपर वहिनीकडे आला. त्यांनी ज्याला काम दिलं होतं तो घड्या ढिल्या घालतो, म्हणाला, कॉलरी उभ्या राहत नाहीत. तुम्ही पुन्हा घ्याल का. पण दीड ते साडेचार. शनिवारपर्यंत सांगा, नाहीतर आम्ही बाहेरगावच्या लाँड्रीशी बोलतो. वहिनीनं शनिवारपर्यंतचा वेळ मागून घेतला. त्या संध्याकाळी तिनं इस्त्रीची वायर पुसून पुसून लख्ख केली.

आणि ऑफिसात तंद्रीला उन्हाळ्याच्या मुख्य महिन्यांची कपात यादी नीट टाईप करायला मिळाली. मंगळवार होता. दुपारी वीज कमी पडली तर कोणत्या भागाची आधी बंद करायची त्याचा क्रम. शुक्रवारी पाचच्या आत मोठे साहेब सही करणार, मग ती उरलेला पूर्ण उन्हाळा लागू. नियम तसा भला होता. जिथं दुपारी सगळ्यात कमी वापर, तिथली आधी घालवायची, म्हणजे कमीत कमी लोकांना त्रास. शहरातल्या प्रत्येक भागाला वीज नेणारी एक मोठी लाइन असते, तिला फीडर म्हणतात, आणि प्रत्येकाला नंबर. यादीत पहिला होता फीडर सतरा. आमच्या दारासमोरच्या खांबावर पिवळ्या रंगात सतरा लिहिलेलं आहे. लहानपणापासून तंद्री त्यावर बोट फिरवत आली आहे.

तिनं सतराची रेघ उघडली. सकाळी चढ, संध्याकाळी चढ, आणि मध्ये दोन ते चार शून्य. कमी नाही, शून्य. कात्रीनं कापल्यासारखं. तिनं काकांना विचारलं, इथं असं का. काकांनी चष्म्यावरून पाहिलं आणि सांगितलं की त्या भागातले लोक दुपारी काही वापरत नाहीत, गेल्या वर्षीही नाही, त्याच्या आधीही नाही. झोपत असतील.

तंद्री घरी आली, तिसऱ्या पायरीवर बसली, दिवेलागणीपर्यंत बसून राहिली. मग माझ्यापाशी येऊन हळू आवाजात म्हणाली, "आत्या, ते गेल्या वर्षीचे आकडे बघून यंदा लाइट घालवतात. आणि गेल्या वर्षी लाइट गेलेली होती, म्हणून आकडा शून्य आहे."

मला दोन मिनिटं लागली. मग डोकं फिरलं. तीन वर्षांपूर्वी आमच्या कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर जळाला होता, तेवीस दिवस लाइट नव्हती. ते तेवीस दिवस सलग एकसारखे, म्हणून ते कोणी वगळले नाहीत, कागदावर शून्य लागले. शून्य म्हणून यादीत पहिले. पहिले म्हणून रोज बंद. बंद म्हणून पुन्हा शून्य. आम्हाला अंधारात ठेवायचं आणि मग म्हणायचं, बघा, यांना उजेड लागतच नाही. मी चपला घातल्या. वही काखेत मारली. सकाळी सात वाजता फाटकावर शंभर माणसं उभी करते, म्हटलं, आणि तुझ्या त्या उद्यावाल्याला आज काय असतं ते दाखवते.

तंद्रीनं माझा हात धरला. तिनं कधी कुणाचा हात घट्ट धरलेला मी पाहिला नव्हता. म्हणाली, शंभर माणसं आली तर साहेब पोलीस बोलावतील आणि यादीवर त्याच दिवशी सही करतील. काका वाईट नाहीत. त्यांना आकडा लागतो. लाइट असती तर गल्लीनं किती वापरली असती, याचा आकडा. तो कुठंच नाही, कारण लाइट नव्हती. मला दोन दिवस दे.

मी चिडून वही टेबलावर आपटली. ती उघडी पडली. तंद्री उभ्या उभ्या वाचायला लागली. तीन उन्हाळे, पानंच्या पानं, गेली दोन, आली चार, गेली दोन, आली चार दहा. मी हे सगळं रागानं लिहिलं होतं, एखाद्या दिवशी यांच्या तोंडावर फेकायला. ती मात्र गोष्टीचं पुस्तक वाचावं तशी वाचत होती. आणि एका पानावर थांबली. गेल्या उन्हाळ्यातला एक मंगळवार. माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं, आज गेली नाही. का?

"मला तो दिवस माहितीये," तंद्री म्हणाली. ती पायरीवर झोपली होती. स्वप्नात खूप पक्षी एकदम उडाले, आणि ती जागी झाली तर पक्षी उडतच होते. गल्लीतल्या प्रत्येक घरातला पंखा फिरत होता. शिंप्याची मशीन चालू होती. तिला वाटलं अजून स्वप्नच आहे, म्हणून ती पुन्हा झोपली.

बुधवारी दुपारी दोनला, दिवे मालवल्यावर, तिनं त्या फाईलची दोरी सोडली. तारीख तिला माहीत होती. कागद सापडायला पाच मिनिटं लागली. फीडर सतरा, मंगळवार, वगळला. कारण लिहिलेलं होतं, उपकेंद्रातला ऑपरेटर झोपल्याने कपात झाली नाही, समज दिली. आणि खाली रेघ. दोन ते चार भरघोस फुगवटा, शहरातल्या कुठल्याही भागाला असतो तसा, किंवा त्याहून थोडा मोठाच. तो बिचारा झोपला म्हणून आमची गल्ली दोन तास जागी राहिली होती. आणि तीन उन्हाळ्यांतला तो एकच खरा दिवस यांनी चुकीचा म्हणून काढून टाकला होता.

तिनं तो कागद आणि माझी वही काकांसमोर ठेवली. ते डोळे मिटून बसले होते. तिनं सगळं अगदी हळू सांगितलं, झोपलेली माणसं उठू नयेत म्हणून. काकांनी डोळे उघडले. कागद पाहिला, वही पाहिली, पुन्हा कागद. दिवे लागले, लोक उठले, जांभया देत चहाला गेले. मग ते म्हणाले, "उद्या मला ती गल्ली दाखव." आणि तंद्रीला प्रश्न पडला की हे उद्या म्हणजे नक्की कधी.

गुरुवारी ते आले. अडीचच्या उन्हात, डोक्यावर वर्तमानपत्र धरून. लाइट गेलेली होती. मी दारात उभी होते, मनात वाक्यं धार लावून ठेवलेली. ते गल्लीच्या तोंडाशी थांबले. वीस वर्षं या माणसानं शहराची दुपार कागदावर काढली, पण कपात झालेली गल्ली आतून पाहिली नव्हती, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. प्रत्येक दारातून बाहेर आलेला पाय बघत ते चालत आले, जणू कोणाच्या झोपेवर पाय पडू नये. शिंप्यापाशी थांबले. मशिनीवर डोकं, कपाळावर शिवणीचा वळ.

"रोज झोपतात?" त्यांनी मला विचारलं.

"तुम्ही झोपवता," मी म्हणाले. "आणि एक सांगा, आम्ही शून्य वापरतो तर आमची बंद करून तुमची वाचते किती?"

मला पुढची दहा वाक्यं बोलायची होती, फाटकावरच्या तीन वर्षांची. पण त्या माणसाचे ओठ हलत होते, तो मनातल्या मनात वजाबाकी करत होता, आणि उत्तर आल्यावर त्याचा चेहरा पडला. पडलेल्या चेहऱ्यावर ओरडायचं कसं ते मला कोणी शिकवलेलं नाही.

वहिनीनं त्यांना पाणी दिलं. ते टेबलाशी बसले आणि नकळत इस्त्रीवर हात ठेवला, वहिनी ठेवते तसाच. थंड आहे, म्हणाले. वहिनी म्हणाली, चारनंतर या, गरम असते. आणि शर्ट ठेवून जा, ती कॉलर बघवत नाही. काका हसले. तंद्री म्हणते, ऑफिसात त्यांना हसताना कोणी पाहिलेलं नाही, कारण जोक त्यांना दुसऱ्या दिवशी कळतो.

शुक्रवारी सकाळपासून काकांनी एकच कागद लिहिला. अर्ध्या पानाची टिप्पणी, मोठ्या साहेबांसाठी. त्यात त्यांना लिहावं लागलं, "तीन वर्षं यादी चुकीची होती आणि ती चूक माझ्या पद्धतीची आहे." तंद्री समोर बसली होती. ती सांगत होती की ते वाक्य त्यांनी तीनदा खोडलं आणि चौथ्यांदा तसंच ठेवलं. माझ्या मनात आलं, मी कधी असं वाक्य लिहिलं आहे का. नाही. माझ्यावर तशी वेळ आली नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि भाजी चिरायला घेतली.

टिप्पणी साहेबांच्या क्लार्ककडे गेली, साडेचारला परत आली. क्लार्कनं तारखेवर लाल गोल केला होता. काकांनी सवयीप्रमाणे शनिवारची तारीख टाकली होती. क्लार्कचं म्हणणं, शनिवारचा कागद मी शुक्रवारच्या फाईलला लावू कसा, सोमवारी आणा. सोमवारी यादी लागू झालेली असणार होती. पाचला अर्धा तास उरला होता. काका खाली आवारात ढग बघायला गेले होते. आणि आमची तंद्री, सावलीसाठी साबण विसरणारी, दोन जिने पळाली. तिनं त्यांच्या हातात पेन दिलं, म्हणाली, काका, आज शुक्रवार आहे. त्यांनी विचारलं, नक्की? तिनं आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट नक्की आहे असं सांगितलं. तारीख बदलली, खाली छोटी सही, पुन्हा दोन जिने वर. पाचला साहेबांनी यादी परत पाठवली आणि नवी करायला सांगितली. तंद्री पळाली हे मी तिच्याच तोंडून ऐकलं, त्यामुळे थोडं कमी करून घेते. पण घरी आली तेव्हा तिची एक चप्पल तुटलेली होती.

नवी यादी काकांनी त्याच रात्री केली, पाळीची. सगळ्या फीडरनी आळीपाळीनं, आठवड्यातून एक दुपार. आमची बुधवारची. कंपनीचं पत्र नंतर आलं, त्यात सुधारित नियोजन असा शब्द होता, माफीचा शब्द नव्हता. मी त्या पत्राच्या पाठीवर माझं उत्तर लिहून ठेवलं आहे, पाठवणार आहे. वहिनीनं शनिवारी स्टोअरकीपरला बुधवारचं खरं खरं सांगितलं. तो म्हणाला, बुधवारचा गठ्ठा सकाळी पाठवतो, पण कॉलरी उभ्या राहिल्या पाहिजेत.

पुढच्या मंगळवारी दीडला गठ्ठे आले. दोन वाजले. मी ओट्यावर वही उघडून बसले होते, पेन हातात. पंखे फिरत राहिले. गल्लीला काय करावं सुचेना. काही लोक सवयीनं झोपले आणि वाऱ्यानं जागे झाले. शिंपी मशिनीवर डोकं टेकायला गेला आणि तसाच वर आला, कारण लाइट होती आणि आता झोपायला कारण नव्हतं. वहिनी पाणी मारायची, इस्त्री फिरवायची, वाफ उठायची, आणि पांढऱ्या कोटांची रास हळूहळू उंच व्हायची. तिचा घाम टेबलावर पडू नये म्हणून ती डोक्याला फडकं बांधून होती. आजारी माणसाचं कपाळ तापलं होतं आणि ती त्यावर खुश होती. मी वहीत काही लिहिलं नाही. लिहायला जागा होती, सवय नव्हती.

तिसरी पायरी रिकामी होती. मी तिच्याकडे दोनदा पाहिलं.

तंद्री त्या वेळी तिसऱ्या मजल्यावर अंधारात होती. संध्याकाळी आली आणि आल्या आल्या तिनं आईला विचारलं, दोन वाजून वीस मिनिटांनी तू काय केलंस.

वहिनी विचार करून म्हणाली, इस्त्री उभी करून पाणी प्यायले असेन.

"मला दिसलं," तंद्री म्हणाली. दिवे बंद होते, सगळे झोपले होते, काकाही. आणि संगणकाच्या पडद्यावर सतराची रेघ पंधरा-पंधरा मिनिटांनी वर चढत होती, पहिल्यांदाच, दोनच्या पुढे. मग दोन वीसच्या सुमाराला ती जराशी खाली आली आणि पुन्हा वर गेली.

आता मी हे सगळं शिकून बसले आहे. फीडरवर हजार घरं असतात. एका इस्त्रीनं रेघ हलत नाही, आणि पंधरा मिनिटांच्या तुकड्यात दोन वीस दिसायचं कारण नाही. माझ्या जिभेवर आलं होतं. वहिनी मुलीकडे बघत होती, हातात शेवटचा कोट, खिशापाशी घडी घालायची राहिलेली.

मी म्हणाले, जेवायला वाढा आता.